केरोबाची गाडी आणि नसलेले खड्डे

एका जंगलात एक रस्ता होता. म्हणजे रस्ता आहे असं राजा म्हणायचा. प्रजा म्हणायची, खड्डे आहेत, आणि खड्ड्यांच्या मधेमधे थोडा रस्ता आहे.

तर मुलांनो, त्या जंगलात केरोबा नावाचं एक साळिंदर राहायचं. त्याची बायको हौसा. दोघांकडे एक जुनी मोटार होती. साळिंदराकडे मोटार कुठून आली, असं मधेच विचारायचं नाही. फार पूर्वी एक साहेब त्या मोटारीतून शिकारीला आला होता. मोटार राहिली, साहेब राहिला नाही. मधल्या काळात काय झालं, ते वाघोबा महाराजांच्या आजोबांना ठाऊक.

पेट्रोल कुठून यायचं, तेही विचारायचं नाही. तुम्ही शहाणी मुलं आहात.

जंगलाच्या पलीकडच्या टोकाला, आंब्याच्या राईत, घोरपड वैद्यबाई राहायच्या. कोणी आजारी पडलं की केरोबा त्याला मोटारीत घालायचा आणि वैद्यबाईंकडे पोचवायचा. त्याबद्दल तो काही घ्यायचा नाही. फक्त गाडीबद्दल कोणी चांगलं बोललं, तर त्याला फार बरं वाटायचं.

पण चांगलं बोलावं अशी गाडीच नव्हती. सीटला केरोबाच्या काट्यांनी इतकी भोकं पाडली होती, की बसणाऱ्याला खालून वारा लागे. आणि पुढच्या चाकांत तर भुतं शिरली होती. खड्डा आला की धाड. खड्डा गेला की खडखड. खड्डा नसला तरी मागच्या खड्ड्याच्या आठवणीने थोडा वेळ खुळखुळ. तापाने फणफणलेला ससा गाडीत चढायचा आणि कंबर धरून उतरायचा. वैद्यबाई आधी कंबर शेकायच्या, मग तापाचं बघायच्या.

एक दिवस सगुणा भेकर झाडपाला खात खात केरोबाच्या बिळापाशी आली. सगुणाला दिवस गेले होते.

केरोबा म्हणाला, "सगुणाबाई, वेळ आली की हाक मारा. मी गाडी घेऊन हजर."

सगुणा जरा घुटमळली. मग म्हणाली, "केरोभाऊ, राग मानू नका. मी चालतच जाईन म्हणते. तुमच्या गाडीत बसले तर पोर वाटेतच उतरायचं. आणि तेही खड्ड्यात."

केरोबाला राग नाही आला. त्याला लागलं. राग आला असता तर दोन काटे उडवून मोकळा झाला असता. लागलेलं मात्र आत राहतं. त्या दिवशी त्याने भुईमुगाच्या शेंगा नुसत्या निवडल्या, खाल्ल्या नाहीत.

"अगं," तो हौसाला म्हणाला, "गाडीचं पुढचं सगळं उघडतो आता."

हौसा म्हणाली, "मागे भोंगा उघडला होतात. तो अजून कावळ्याच्या घरट्यात आहे."

"भोंग्याची गोष्ट वेगळी. सस्पेन्शन मी जाणतो."

हे मात्र खरं होतं. केरोबाचं लहानपण गावाबाहेरच्या एका गॅरेजमागच्या बिळात गेलं होतं. इतर साळिंदरं शेतं बघत मोठी झाली. केरोबा मोटारींची पोटं बघत मोठा झाला. खड्ड्याचा दणका चाकाला बसतो, तो आत बसलेल्याला बसू नये म्हणून मधे स्प्रिंग असते, स्प्रिंग नाचत राहू नये म्हणून शॉकअप असतो, आणि लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून सांध्यासांध्यात रबराचे बुश असतात, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याच्या गाडीतली स्प्रिंग बसली होती, शॉकअपमधलं तेल कधीच गळून गेलं होतं, आणि रबराच्या जागी रबराची पूड उरली होती.

नवं सामान त्याने त्याच गॅरेजमागून आणलं. कसं आणलं? साळिंदर शेतातून भुईमूग कसा आणतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तसंच.

मग काम सुरू झालं. जॅक लावून गाडी वर घेतली. खाली लाकडाचे ओंडके दिले. चाक काढलं. इथवर हौसासुद्धा कौतुकाने बघत होती.

पुढचं काम गाडीखाली झोपून करायचं होतं. आता साळिंदराने पाठीवर झोपायचं म्हणजे काय होतं, विचार करा. केरोबा झोपला आणि त्याचे सगळे काटे मातीत रुतले. हातपाय मोकळे, पण पाठ जमिनीला खिळलेली. हवा तो नट जरा डावीकडे होता. केरोबाला डावीकडे सरकता येईना.

"हौसा! ओढ!"

हौसाने पाय धरून त्याला उपटलं, मुळा उपटावा तसं. मग जरा डावीकडे लावलं. प्रत्येक नटासाठी ती त्याला उपटायची आणि पुढच्या जागी लावायची. शेवटी गाडीखालच्या जमिनीला चाळणीची कळा आली.

जुने नट गंजून एकजीव झाले होते. केरोबाने त्यांना तेल पाजलं, वाट पाहिली, पुन्हा पाजलं. पान्याला लोंबकळला. एक नट सुटला तेव्हा त्याने असा काही चीत्कार केला, की हौसाला वाटलं हात सापडला. आणि स्प्रिंग काढताना जॅक जरासा सटकला. दाबून ठेवलेली स्प्रिंग ती! सुटली ती केरोबाच्या कानावरून, करवंदीच्या जाळीवरून, थेट ओढ्याकाठच्या चिखलात, जिथे धोंडजी रानडुक्कर डोळे मिटून लोळत होता. धोंडजी स्प्रिंग तोंडात धरून आला.

"ही तुमची का? माझ्या पोटावर पडली."

"लागलं का हो?"

"पोट होतं म्हणून वाचलो," धोंडजी म्हणाला.

हा धोंडजी म्हणजे जंगलातला पुढारी. त्याचं एकच मागणं होतं. रस्ता नीट करा. दरवर्षी तो चारपाच जनावरं घेऊन वाघोबा महाराजांच्या गुहेशी जायचा, आणि महाराज दरवर्षी म्हणायचे, "पाहणी करू." मग ते हत्तीवर बसून पाहणी करायचे. हत्तीच्या पाठीवरून खड्डा दिसतो. लागत नाही.

इकडे केरोबाने नवं रबर बसवलं, सगळे नट कचकचून आवळले, चाकं लावली आणि गाडी खाली उतरवली. पहिल्याच फेरीत चर्रकन आवाज झाला आणि नवं रबर फाटलं.

कोणी दुसरा असता तर रबराला शिव्या दिल्या असत्या. केरोबा गाडीपुढे बसून राहिला. हौसाने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्या हाकेला तो ओरडतच आला, "अगं, कळलं! चाकं अधांतरी असताना मी बुश आवळले. मग गाडी खाली आली, चाक धरणारा आर्म वर गेला आणि रबराला पीळ बसला. आधी गाडी पायावर उभी करायची, वजन घेऊ द्यायचं, मग शेवटचं आवळायचं!"

"बरं," हौसा म्हणाली. "आता जेवा. नाहीतर तुम्हाला पीळ बसेल."

सगळं पुन्हा उघडलं. पुन्हा उपटणं, पुन्हा लावणं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून केरोबाने चाकं सरळ केली. आणि मग एका सकाळी हौसाला शेजारी बसवून तो निघाला. पहिला खड्डा आला. हौसाने सवयीने दात आवळले. गाडी नुसती म्हणाली, हूं. म्हातारी आजी नातवाचं ऐकताना म्हणते तसं.

हौसाने दात सोडले. "अहो," ती म्हणाली, "खड्डा गेला?"

"गेला."

"कळलंच नाही की हो!"

मुलांनो, बायकोच्या तोंडून असं वाक्य सहसा निघत नाही. केरोबा घरी येईपर्यंत स्वतःशी गुणगुणत होता.

पण त्याच आठवड्यात एक घोळ झाला. महाराजांच्या हत्तीचा पाय खड्ड्यात मुरगळला. आणि पाहणीचा दिवस तर ठरलेला. कोल्हा प्रधान म्हणाला, "महाराज, यंदा मोटारीतून पाहणी करावी. केरोबाची आहे."

ही बातमी ऐकताच धोंडजी शेपटी ताठ करून पळत पळत केरोबाकडे आला. आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"केरोबा, देव पावला रे! महाराज तुझ्या गाडीत बसणार! तुझ्या! पहिल्या खड्ड्यात टाळकं टपाला लागेल, दुसऱ्यात मिशा तुटतील. आंब्याच्या राईपर्यंत पोचायच्या आत रस्त्याचा हुकूम सुटलाच म्हणून समज!"

केरोबा हळूच म्हणाला, "गाडी आता आपटत नाही."

"म्हणजे?"

"मी नीट केली."

धोंडजी मटकन खाली बसला. "कोणी सांगितलं होतं तुला?"

केरोबा पायाने माती उकरत राहिला. मग धोंडजी त्याच्या जवळ सरकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "जुनं सामान टाकलं नाहीस ना? मग एका दिवसापुरतं पुन्हा घाल. सगळ्या जंगलासाठी. मग काढून टाक."

हौसा म्हणाली, "घाला की. मी उपटते तुम्हाला."

"बघतो," केरोबा म्हणाला.

दुपारी तो एकटाच गाडीखाली शिरला. जमिनीची चाळणी आधीच झालेली, काटे जुन्याच भोकांत सैल बसले. पाना नटाला लावला. नट जरासा दाबताच फिरला. किती गुणी नट! यालाच त्याने तेल पाजून पाजून माणसात आणलं होतं. वर नवं रबर चकचकत होतं. या जागी आता ती पूड भरायची, ती बसकी स्प्रिंग घालायची, आणि गाडीत कोण बसणार, तर राजा. आयुष्यात एकदा बसणार. आणि म्हणणार, काय भिकार गाडी आहे.

केरोबाने मनाशी विचार केला, महाराजांना काही लागलं तर ते गाडीच जप्त करतील. मग सगुणाचं काय? झालं. निमित्त शोधलं की सापडतंच. त्याने नट पुन्हा आवळला, हवा होता त्याहून जरा जास्तच.

बाहेर येऊन तो हौसाला म्हणाला, "झालं."

हौसाने त्याचे हात पाहिले. ते स्वच्छ होते. तिने त्याला जेवायला वाढलं.

पाहणीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं जंगल लोटलं. महाराज पुढे बसले, कोल्हा प्रधान मागे. धोंडजीने सगळ्यात मोठ्या खड्ड्यापाशी जागा धरली होती. गाडी आली. खड्ड्यात उतरली, खड्ड्यातून वर आली, आणि पुढे गेली. लोण्यातून सुरी जावी तशी. महाराजांची एक मिशीसुद्धा हलली नाही. धोंडजीचं तोंड मात्र उघडलं ते उघडंच राहिलं.

अर्ध्या वाटेत महाराजांना झोप लागली. ते घोरायला लागले. केरोबा सुखाने फुगला. इतका फुगला, की काटे टपाला टेकले. आंब्याच्या राईपाशी गाडी थांबली. महाराजांनी आळस दिला.

"वा! काय सुरेख!"

केरोबा लाजला. याच क्षणाची तो वाट बघत होता. "महाराज, मी फक्त..."

"काय सुरेख रस्ता आहे!" महाराज म्हणाले.

केरोबाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "रस्ता नाही महाराज, गाडी! मी पुढचं सगळं उघडून, नवे बुश, नवे शॉकअप..."

कोल्हा मागून म्हणाला, "गाडी कशावर चालली?"

"रस्त्यावर."

"चांगली चालली?"

"हो, पण..."

"म्हणजे रस्ता चांगला," कोल्हा म्हणाला, आणि महाराजांनी मान डोलावली. राजाने मान डोलावली की तर्क पुरा होतो.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. या जंगलात खड्डे नाहीत. महाराजांनी स्वतः डोळे मिटून खात्री केली आहे. यापुढे कोणी खड्ड्यात पडल्यास तो स्वतःच्या जबाबदारीवर, सपाट जागी पडला असं समजण्यात येईल. मुरगळलेल्या पायाचा हत्ती जन्मापासूनच लंगडत होता, असंही दवंडीत होतं. हत्तीने ते ऐकलं आणि सुस्कारा सोडला.

धोंडजी भांडायला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. तो ओढ्याकाठी लोळत पडे, आणि केरोबा दिसला की कूस बदले. बाकीचेही तसेच. ससा ताप अंगावर काढू लागला, पण गाडीत बसेना.

एका संध्याकाळी केरोबा म्हणाला, "हौसा, मी जुनं सामान घातलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गाडीखाली होतात तेव्हा गुणगुणत होतात," हौसा म्हणाली. "चार वर्षं बंद होतं, आता कुठे सुरू झालं होतं. मला नाही तोडवलं."

पावसाळा आला आणि गेला. नसलेले खड्डे आणखी खोल झाले. एका खड्ड्यात तर बेडकांनी बिऱ्हाड केलं. आणि केरोबाच्या गाडीत एक दिवस पुन्हा आवाज झाला. खट्. मग खडखड. नवं रबर ते, पण खड्ड्यांचा मार खाऊन किती टिकणार?

केरोबाने जॅक काढला. गाडीपुढे ठेवला. गाडीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. सगुणाचे दिवस भरत आले होते. त्याने जॅक परत ठेवला आणि मातीची पाटी उचलली.

"कुठे निघालात?" हौसाने विचारलं.

"चुकीचा भाग दुरुस्त केला होता," तो म्हणाला.

भर दुपारी तो सगळ्यात मोठ्या खड्ड्यात माती टाकू लागला. उकरायला साळिंदराइतकं तरबेज कोण? खड्डा काठोकाठ भरत आला होता, एवढ्यात कोल्हा प्रधान उगवला.

"काय करतोस रे?"

"खड्डा बुजवतोय."

"कुठला खड्डा?"

केरोबाने पंजाने दाखवलं. कोल्हा म्हणाला, "राजाज्ञेप्रमाणे इथे खड्डा नाही. म्हणजे तू महाराजांच्या गुळगुळीत रस्त्यावर माती टाकतोयस."

गुहेपुढे न्याय झाला. फार वेळ लागला नाही. केरोबाने टाकलेली सगळी माती स्वतः उकरून काढावी, प्रधानांनी देखरेख करावी, अशी शिक्षा झाली.

केरोबा खड्ड्यापाशी उभा राहिला. हौसा बाजूला उभी होती. तिला वाटलं, झालं आता. हे महाशय काम हातात घेतील आणि खड्डा पहिल्यापेक्षा सुबक करून देतील.

केरोबाने एक पाटी भरली. चालता चालता ती तिरकी धरली. निम्मी माती खड्ड्यात परत पडली. "पडली वाटतं," तो म्हणाला, आणि पडलेली माती उडू नये म्हणून तिच्यावर नाचला. मग विश्रांती घेतली. मग पाटीला दोर बांधला, सोडला, पुन्हा बांधला. आयुष्यात पहिल्यांदा तो एक काम वाईट करत होता आणि त्याला घाम फुटला होता. सवय नव्हती ना!

"आटपलं का?" कोल्हा विचारायचा.

"होत आलं, सरकार."

कोल्ह्याने सावली शोधली. सावलीत डोळा लागला. तेवढ्यात करवंदीमागून धोंडजी आला. त्याने खड्ड्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि केरोबाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो कोल्ह्याजवळ गेला आणि घसा खाकरला.

"प्रधानजी, माझाही गुन्हा आहे. तिकडे ओढ्याजवळ मीही सपाट रस्त्यावर माती टाकली आहे. भरपूर."

"तूही?" कोल्हा दचकून उठला. "मग तूही उकरून काढ!"

दुसऱ्या दिवशी सशाने गुन्हा कबूल केला. मग सांबरांनी. लंगडा हत्ती तर आधी गुन्हा कबूल करून गेला आणि मग घाईघाईने माती टाकून आला. सगळं जंगल शिक्षा भोगू लागलं. जो तो कामचुकार. एक पाटी वर, दोन पाट्या खाली. मातीवर बसून डुलक्या, मातीवर उभं राहून गप्पा. शंभर पायांनी तुडवून तुडवून माती दगडासारखी बसली. देखरेख करून करून कोल्हा वाळला.

त्या गडबडीत एका सकाळी सगुणाने हाक मारली. केरोबा गाडी घेऊन धावला. गाडी म्हातारीसारखी खुरडत होती, पुढे खडखड चालूच होती. पण सगुणा डोळे मिटून शांत बसली होती, कारण धाड कुठेच होत नव्हती. आंब्याच्या राईत पोचून तासाभरात तिला पोर झालं. ते थरथरत उभं राहिलं, पडलं आणि पुन्हा उभं राहिलं. केरोबाने ते गाडीच्या खिडकीतून पाहिलं आणि लगेच परत फिरला. त्याची शिक्षा राहिली होती.

काही दिवसांनी महाराज हत्तीवर बसून आले. त्यांनी लांबवर नजर टाकली.

"बघा," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं ना, खड्डे नाहीत म्हणून? काही लोक उगाच बोंबलत होते."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. हसू दिसू नये म्हणून.

कोल्हा केरोबाजवळ आला. तो फार थकला होता. "सुटलास एकदाचा. तुझी शिक्षा संपली."

केरोबाने पाटी खाली ठेवली. घसा साफ केला आणि हात जोडले.

"सरकार, अजून थोडी मिळेल का? वडाच्या वळणापुढे आणखी एका जागी खड्डा नाही."

तात्पर्य : मुलांनो, हातातलं काम जीव ओतून केलं, तर त्याचं श्रेय राजाला मिळतं. अंगचोरपणा करत केलं, तरी श्रेय राजालाच मिळतं. पण मग निदान रस्ता तरी होतो.